वीस उत्तर, चौऱ्याहत्तर पूर्व

डिसेंबरातल्या त्या सकाळी सायखेड्याच्या पुलावर सायकल टेकवून उभा राहिलो तेव्हा गोदावरी दिसत नव्हती. खाली नुसतं धुकं होतं आणि धुक्यातून पाण्याचा वास येत होता. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर मात्र नदी निळ्या पट्ट्यासारखी स्पष्ट होती. पट्ट्यावर पुलाची रेघ होती आणि रेघेच्या मधोमध एक काळा त्रिकोण, म्हणजे मी. नदी डोळ्यांना दिसत नसताना आपण तिच्यावर नेमके कुठे उभे आहोत हे कळणं, ही गोष्ट माझ्यासाठी साधी नव्हती. कारण याच पुलाच्या अलीकडून मी एकदा परत फिरलो होतो.

तेव्हा पावसाळा होता. नाशिकहून निघून चांदोरी, सायखेडा करत नांदूर मध्यमेश्वरपर्यंत जायचं होतं. वाट दाखवायला फोन होता, हँडलवर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. ओढा गाव मागे पडेपर्यंत पावसाने जोर धरला आणि पिशवीवर पडणारा प्रत्येक थेंब फोनला बोटासारखा वाटू लागला. नकाशा आपोआप मोठा होई, लहान होई, सरकत भलत्याच तालुक्यात जाई. उजेड पूर्ण वाढवल्यामुळे बॅटरी झपाट्याने उतरली. चांदोरी चौफुलीला पोहोचलो तेव्हा फोन शेवटच्या घटका मोजत होता आणि तरीही निळी रेघ ठामपणे सांगत होती: सरळ जा, पूल ओलांड.

चौफुलीवरच्या टपरीवाल्याने चहा देता देता विचारलं, "कुठं निघाले?" मी सायखेडा म्हणताच त्याने मान हलवली. "पूल बंद आहे. सकाळीच निरोप आला, नाशकात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय. तिकडचं पाणी इकडं यायला वेळ लागतो, पण येतं. वर दारणेचंही येतंय. आज माघारी फिरा."

नाशिककरांना दुतोंड्या मारुती वेगळा सांगायला नको. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभी असलेली ही मूर्ती म्हणजे शहराची पूरमोजणीची पट्टी. पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून खालच्या गावांनी काय समजायचं ते ठरतं. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी नाशिकमधून खाली येतं, दारणेचं पाणी सायखेड्याच्या वरच्या अंगाला गोदावरीत मिसळतं, आणि खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा असतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये चांदोरी आणि सायखेडा या दोन्ही गावांत पाणी शिरलं होतं. नदीचं हे गणित टपरीवाल्याला पाठ होतं. माझ्या फोनला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

मी माघारी फिरलो. त्या परतीच्या वाटेवर भिजत भिजत एक ठरवलं, की सायकलप्रवासासाठी वेगळं यंत्र घ्यायचं, पण घेण्याआधी त्याला कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते माणसांना, याची वाटणी करायची.

पुढचे काही महिने त्या वाटणीत गेले. नाशिक हे सायकलवाल्यांचं शहर. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून इथे सायकलवर बोलणाऱ्यांची संख्याही वाढली. सल्ले भरपूर मिळाले. पण प्रत्येकाचा सल्ला त्याच्या सायकलिंगसारखाच होता. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतल्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणाऱ्याला वेळ पाळायची असते: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. त्याला वळण येण्याआधी सूचना हवी, वेग हवा, नाडीचे ठोके हवेत. पंढरपूरच्या सायकलवारीला निघालेल्याला नकाशाच लागत नाही, पुढची सायकल हाच त्याचा नकाशा. मला हवं होतं ते तिसरंच. एकट्याने, सावकाश, आडगावांतून दोन-चार दिवस फिरायचं आणि वाट चुकली तर चुकलो हे कळायला हवं.

पहिला प्रश्न विजेचा. गार्मिनच्या एज ५३० सारख्या सायकलीच्या यंत्राची बॅटरी पूर्ण भरली तर वीस तास चालते. एका दिवसाला ते पुष्कळ झालं. पण बॅटरी यंत्राच्या पोटात बंद असते. मुक्कामी वीज नसेल तर पॉवर बँक हवी, आणि काही वर्षांनी बॅटरी थकली तर यंत्रही थकतं. दुसऱ्या बाजूला गार्मिनचीच ईट्रेक्स मालिका आहे, मुळात डोंगरात भटकणाऱ्यांसाठी केलेली. २०१९ मध्ये आलेली २२ एक्स आणि ३२ एक्स ही तिची दोन यंत्रं दोन पेन्सिल सेलांवर चालतात, साधारण पंचवीस तास. पेन्सिल सेल कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. घरून निघताना रीचार्जेबल सेल घालावेत, एक जोडी पिशवीत ठेवावी, आणि तेही संपले तर दुकान आहेच. एक बारीक गोष्ट मात्र पाळावी लागते. रीचार्जेबल सेलाचा दाब १.२ व्होल्ट आणि साध्या अल्कलाइन सेलाचा १.५. आपण कोणते घातलेत हे सेटिंगमध्ये सांगितलं नाही, तर सेल किती उरलाय याचा आकडा यंत्र चुकीचा दाखवतं.

जुन्या सायकलींना मागच्या टायरवर घासणारा डायनॅमो असे. पायडल मारलं की दिवा लागे, चढावर वेग मंदावला की दिवाही मंदावे. त्याचंच आजचं रूप पुढच्या चाकाच्या आसात बसतं. ६ व्होल्ट, ३ वॅटची वीज देतं आणि जोडणी केली तर चालता चालता बॅटरी भरतं. महिनोन् महिने फिरणाऱ्याला ते फार उपयोगाचं आहे. दोन-चार दिवसांच्या फेरीला पेन्सिल सेल पुरतात.

दुसरा प्रश्न पडद्याचा. फोनचा पडदा आतल्या उजेडावर दिसतो. उन्हात तो उजेड वाढवावा लागतो आणि बॅटरी तिथेच जाते. सायकलीच्या आणि डोंगरातल्या यंत्रांचा पडदा बाहेरचं ऊनच परत फेकतो, त्यामुळे ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट. शिवाय बटणं. एज ५३० आणि एज ८३० ही यंत्रं आतून जवळपास सारखीच, पण पहिलं बटणांवर चालतं आणि दुसरं स्पर्शावर. पावसात थेंबांनी काय केलं ते मी पाहिलं होतं, आणि चांदोरी-सायखेडा ज्या निफाड तालुक्यात आहेत तिथल्या थंडीत हातमोजे काढायची इच्छा होत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो तो उगीच नाही. म्हणून बटणंच हवी होती.

तिसरा प्रश्न नकाशाचा. खेड्यात नेटवर्क येतं-जातं, म्हणून नकाशा यंत्राच्या पोटातच पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. तो फुकट उतरवून ईट्रेक्समध्ये भरता येतो. पाणंद, पाटाकडेचा रस्ता, ओढ्यावरची मोरी यांतलं जे कुणी काढलं असेल ते त्यात सापडतं आणि जे कुणी काढलं नसेल ते आपण काढू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या शिवारातली वाट नकाशावर आणण्यासाठी कुठल्या कंपनीची वाट पाहावी लागत नाही.

इथे नवशिक्याने एक भेद समजून घ्यावा. घरी बसून आखलेली वाट यंत्रात दोन प्रकारे जाते. ‘रूट’ म्हणून घातली तर फक्त टप्पे जातात, मधला रस्ता यंत्र स्वतः निवडतं, आणि दुसऱ्या नकाशावर दुसराच निवडतं. ‘ट्रॅक’ म्हणून घातली तर आखलेली रेघ जशीच्या तशी जाते. सगळ्यात जवळचा रस्ता शोधायच्या नादात यंत्र माणसाला पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत घालतं. ती माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरते, आणि चाक फिरायचंच थांबतं. म्हणून वाट आपण आखायची, उपग्रहाच्या छायाचित्रावर ताडून पाहायची आणि ट्रॅक म्हणूनच भरायची.

काही गोष्टी मी सोडून दिल्या. उंची मोजणारा वायुदाबमापक कसारा घाटात किंवा सप्तशृंगीच्या चढावर कामाचा, गोदाकाठच्या सपाटीवर त्याचं मोल कमी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं तर आपल्याकडे परवानगीशिवाय वापरताच येत नाहीत. परदेशातून कुणी भेट म्हणून आणणार असेल तर त्याला आधीच सांगावं. साधा जीपीएस फक्त ऐकतो, काही पाठवत नाही, त्याला अशी अडचण नाही.

शेवटी ईट्रेक्स घेतला. त्याचा पडदा लहान आहे, नकाशा सरकवायला वेळ लागतो, वळणाची सूचना सायकलीच्या यंत्राइतकी नेटकी नसते. ब्रेव्हे करणाऱ्याला मी हा सुचवणार नाही. माझ्या फिरण्याला तो बसला.

आणि त्याची पहिली परीक्षा घ्यायला सायखेड्यासारखी जागा नव्हती. नकाशा न्याहाळताना लक्षात आलं की २० अंश उत्तर अक्षांश आणि ७४ अंश पूर्व रेखांश या दोन रेषा सायखेड्याच्या परिसरातच एकमेकींना छेदतात. पूर्ण आकड्यांची अशी पुढची गाठ पूर्वेला सुमारे १०५ किलोमीटरवर पडते. जगभरच्या अशा गाठी शोधून तिथे जाऊन यायचा एक उपक्रम अॅलेक्स जॅरेट यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केला. तिथे पाटी नसते, देऊळ नसतं, रस्ता तिथवर जाईलच असं नसतं. यंत्राशिवाय ती जागा सापडत नाही, म्हणून यंत्राची परीक्षा तिथेच.

गावाच्या नावाने शोधायला गेलो तर रोमन अक्षरांत मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूर जिल्ह्यातलं साईंखेडाही समोर येतं. आकड्यांचा असा घोटाळा होत नाही. म्हणून गाठीचे आकडे ‘वेपॉइंट’, म्हणजे यंत्राने लक्षात ठेवायची जागा, करून भरले आणि पंचवटीतून पहाटे निघालो.

धुकं विरलं तेव्हा पुलावरून गावात शिरलो. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचं उपबाजार आवार सायखेड्यात आहे. लाल कांद्याने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, ट्रॅक्टरवर बसलेली माणसं कानटोप्या घालून भावाचं बोलत होती. एका दुकानातून पेन्सिल सेलांची जोडी घेतली. गरज नव्हती, पण ज्या भरवशावर यंत्र निवडलं तो भरवसा खरा आहे हे हातात घेऊन पाहायचं होतं. दुकानदाराने मागे न पाहताच फळीवरून सेल काढून दिले.

गावाबाहेर पडल्यावर बाणाकडे पाहिलं. ईट्रेक्सला ‘तिकडे ने’ म्हटलं की तो दिशा आणि सरळ रेषेतलं अंतर दाखवतो. रस्ता सरळ जात नाही. बाण डावीकडे दाखवतो तेव्हा डावीकडे द्राक्षाचा मांडव असतो, किंवा वाफ्यांमध्ये वाकून उन्हाळ कांद्याची रोपं लावणाऱ्या बायांची रांग. मग पुढचं वळण गाठायचं, आकडा कमी होतोय का पाहायचं, वाढू लागला तर मागे यायचं. एका वळणावर मी तीनदा मागेपुढे झालो. तिथे विचारायला गेलो तर एका मावशींनी रोपं लावता लावताच सांगितलं, "तो रस्ता वस्तीपाशी संपतो. पाटाकडून जा."

पाटाकडून गेलो. आकडा उतरत गेला आणि उसाच्या एका फडापाशी गाडीवाट संपली. समोर माणसाच्या दीडपट उंचीचा ऊस उभा होता, पायाशी नुकतंच दिलेलं पाणी. बाण सरळ उसात दाखवत होता. अंतर काहीशे मीटर.

बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी थोडा वेळ मला पाहिलं आणि विचारलं, "काय शोधून राहिले भाऊ?"

"बाबा, नकाशावरच्या दोन रेषा इथे जवळच एकमेकींना छेदतात. ती जागा शोधतोय."

"कोणाच्या गटात येती ती?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उन्हाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडं मोजणीवाले आले होते. काठीवर बसवलेलं यंत्र. रोव्हर म्हणत होते. त्यात आणि यात काय फरक?"

मी सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही यंत्रं आकाशातलं तेच ऐकतात. जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह अणुघड्याळाची वेळ सतत पाठवत असतात. ती पोहोचायला किती उशीर झाला त्यावरून अंतर निघतं. निदान चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा ठरते. तीन जागेसाठी आणि चौथा यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक सुधारण्यासाठी. अमेरिकन सैन्याने ही व्यवस्था उभारली. आपणही २०१३ ते २०१६ या काळात स्वतःचे सात उपग्रह सोडून ‘नाविक’ उभं केलं. माझ्या यंत्रात तीन-चार मीटरची चूक राहते. रोव्हरला मात्र जवळच्या पक्क्या ठाण्याकडून चुकीची दुरुस्ती क्षणोक्षणी मिळते, म्हणून तो काही सेंटिमीटरांत उत्तर देतो.

"तीन मीटर," ते म्हणाले. "तीन मीटरापायी आमच्याकडं माणसं कोर्टात जातात."

२ मे २००० पर्यंत तर अमेरिका साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. शंभर मीटरपर्यंत फरक पडे. त्या दिवशी ती मिसळण बंद झाली आणि सायकलवाल्याच्या हातातलं यंत्र खरं कामाचं झालं. त्याआधी इथे आलो असतो तर माझी गाठ चार जणांच्या शेतांतून भटकत राहिली असती.

मी उसात शिरलो नाही. पाणी दिलेल्या फडात पाय घालून सऱ्या मोडायच्या आणि मग आकड्यांचं छायाचित्र काढायचं, हे मला पटलं नाही. बाबांनी हाताने दाखवलं, "तिकडं, त्या बाभळीच्या अंगाला येत असंल तुमची जागा." बाणही त्याच दिशेला होता. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. एका निनावी जागेच्या हाकेच्या अंतरावर मला आणून सोडलं होतं. तिथून पुढची जमीन कुणाची तरी होती आणि तिथे परवानगीची भाषा चालते.

दुपारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याकडे वळलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे साचलेलं पाणी, गाळाची बेटं, वेतासारखं गवत. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नांदूर मध्यमेश्वरचं नाव २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. खाणगाव थडीच्या बाजूने पाण्याशी गेलो तर जांभळ्या पाणकोंबड्या चिखलात लांब बोटं टाकत फिरत होत्या आणि दूरवर बदकांची काळी रांग हलत होती. यातली कित्येक बदकं हिमालयापलीकडून येतात. त्यांची वाट कुणी आखून देत नाही. नकाशाच्या पडद्यावर हा सगळा भाग एकसारखा निळा होता. समोर मात्र पाणी कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो याची रेघ प्रत्येक पक्ष्याने वेगळी ठरवलेली. यंत्र बंद करून पिशवीत ठेवलं.

परतताना पुन्हा सायखेड्याचा पूल ओलांडला. संध्याकाळच्या उन्हात नदी आता पूर्ण दिसत होती, शांत, कडेला गाळ. ऑगस्टमध्ये हीच नदी इथे घरांत शिरते यावर विश्वास बसू नये अशी.

चांदोरी चौफुलीवर थांबलो. टपरी तीच, माणूस तोच. त्याला माझी आठवण असण्याचं कारण नव्हतं. मी सांगितलं तेव्हा हसला आणि म्हणाला, "पाऊस लागला की आधी फोन करा, मग निघा." त्याने नंबर दिला.

चहा निवत असताना यंत्र काढलं. ट्रॅक जपून ठेवला, गाठीचा वेपॉइंट होताच. मग टपरी जिथे आहे तिथे एक नवा वेपॉइंट केला. नाव देताना बटणांनी एकेक अक्षर निवडावं लागतं, ईट्रेक्सवर ते सावकाशीचं काम आहे. रोमन अक्षरांत लिहिलं: ‘पुलाचं विचार’. पुढच्या पावसाळ्यात या वाटेने येईन तेव्हा बाण मला आधी इथे आणेल.